‘जरा आडवे व्हा’ म्हणण्याआधी: लठ्ठपणा, श्वास आणि झोपण्याची पद्धत

आपल्याकडे कुणाला धाप लागली, घाम फुटला, अस्वस्थ वाटू लागलं की घरातल्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "जरा आडवे व्हा, बरं वाटेल." त्यामागे माया असते आणि पुष्कळदा बरंही वाटतं. पण ज्याचं वजन खूप आहे, पोट मोठं आहे, अशा माणसाला श्वासाचा त्रास होत असताना पाठीवर सपाट झोपवलं तर त्रास वाढतो. हे घरच्यांना माहीत नसलं तर नवल नाही. पण आम्हा डॉक्टरांच्याही ते पुष्कळदा लक्षात राहत नाही. माझ्याही राहिलं नव्हतं. म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू माझ्याकडे यायच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वजन शंभर किलोच्या पुढे, बीपीच्या गोळ्या चालू. तक्रार एकच, धाप लागते आणि दिवसभर मरगळ असते. मी तपासलं, छातीचा एक्स-रे, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं पाहिलं. फारसं काही सापडलं नाही. "काकू, वजन कमी करा, आपोआप बरं वाटेल," असं सांगून आहाराचा कागद हातात दिला. हे तीन वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांची सून सोबत आली होती. ती सहज बोलून गेली, "डॉक्टर, आई गेलं वर्षभर खुर्चीतच झोपतात. पलंगावर पडलं की जीव घुसमटतो म्हणतात."

मी काकूंना विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच नाहीत. आणि सांगून काय, तुम्ही परत वजनावरच येणार."

त्यांचं बरोबर होतं. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी तुमच्या शरीरात आडवं झाल्यावर काय होतं ते समजून घेऊ.

आडवं झाल्यावर आत काय घडतं?

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक घुमटासारखा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात, डॉक्टर डायफ्राम म्हणतात. श्वास घेताना हा पडदा खाली सरकतो, छातीत जागा होते आणि हवा आत येते. श्वास सोडताना तो वर जातो.

आता पाण्याने अर्धवट भरलेली एक मोठी पिशवी डोळ्यांसमोर आणा. उभी धरली की पाणी तळाशी जातं. आडवी केली की तेच पाणी पसरतं आणि तोंडाकडच्या बाजूलाही दाब देतं. पोटाचं तसंच आहे. उभं असताना आतडी आणि चरबी खाली ओढली जातात, पडद्याला मोकळीक मिळते. पाठीवर झोपलं की पोटातला सगळा ऐवज छातीकडे सरकतो आणि पडद्याला वर ढकलतो. सडपातळ माणसातही हे होतं, फक्त त्याला ते जाणवत नाही.

का जाणवत नाही? कारण आपण सहज श्वास सोडतो तेव्हा फुफ्फुसं पूर्ण रिकामी होत नाहीत. प्रौढ माणसात उभं किंवा बसलेलं असताना साधारण अडीच लिटर हवा आतच शिल्लक राहते. ही फुफ्फुसाची गंगाजळी. दोन श्वासांच्या मधल्या वेळात रक्ताला ऑक्सिजन याच साठ्यातून मिळत राहतो, आणि याच हवेमुळे बारीक श्वासनळ्या उघड्या राहतात. आडवं झाल्यावर निरोगी माणसाची ही गंगाजळी अर्धा ते एक लिटरने कमी होते. साठा मुळात भरपूर असल्यामुळे एवढी घट त्याला सहज पचते.

मग लठ्ठपणात काय बिघडतं?

लठ्ठ माणसाची ही गंगाजळी बसलेली असतानाच आटलेली असते. पोटावरची आणि पोटातली चरबी पडद्याला खालून रेटते, छातीवरची चरबी बरगड्यांना बाहेरून दाबते. फुफ्फुसात काही दोष नसतो, त्यांना फुलायला जागा नसते. म्हणूनच पुष्कळ जणांचा एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो आणि फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्रीही, फारशी वाईट येत नाही. ती तपासणी बसवून केली जाते हेही लक्षात ठेवा. त्रास होतो झोपल्यावर आणि तपासणी होते बसून, मग रिपोर्टात तो दिसणार कसा?

खूप वजन असलेला माणूस पाठीवर झोपला तर त्याची शिल्लक हवा निरोगी माणसाइतकी कमी होतेच असं नाही, कारण ती आधीच तळाला गेलेली असते. अडचण दुसरीच असते. एवढ्या कमी साठ्यावर फुफ्फुसाच्या तळातल्या बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि पुढच्या श्वासाला त्या जोर लावून पुन्हा उघडाव्या लागतात. मिटलेल्या भागातून रक्त वाहत राहतं, पण तिथे त्याला ऑक्सिजन मिळत नाही. श्वासाचे स्नायू मात्र दुप्पट राबतात. कुणी छातीवर बसल्यासारखं वाटतं, ते मनाचे खेळ नसतात.

वजन सारखंच असलेल्या दोन माणसांना सारखाच त्रास होईल असंही नाही. चरबी मांड्या आणि नितंबांवर असेल तर फुफ्फुसांवर भार कमी येतो, पोटात असेल तर जास्त. आपल्या भारतीयांची अडचण इथेच आहे. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे ही ठेवण सर्रास दिसते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २५ लाच लठ्ठपणा धरतात, ३० ची वाट पाहत नाहीत. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की तो जास्त मानतात. काट्यावरचा आकडा पाहता तसा टेपवरचाही पाहा.

झोप लागल्यावर दुसरं संकट

जागेपणी धाप लागली तर आपण कूस बदलतो, उठून बसतो. झोपेत ते हातात नसतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. पाठीवर झोपलं की जीभ आणि टाळू मागे पडतात, मानेभोवती चरबी असेल तर वाट आणखी अरुंद होते. आधी घोरणं सुरू होतं, मग श्वास काही सेकंद पूर्ण अडतो, मग माणूस दचकून श्वास ओढतो. हाच स्लीप अ‍ॅप्निया. रात्रभर असं होत राहिलं तर सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, बीपी काही केल्या आटोक्यात नाही असं चित्र दिसतं. पुष्कळ जणांचा हा त्रास पाठीवर झोपल्यावर जास्त आणि कुशीवर कमी असतो.

काही जणांत गोष्ट याच्याही पुढे जाते. श्वास इतका उथळ राहतो की जागेपणीही रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, ४५ च्या वर जातो. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत सतत पेंगणारा जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. त्याच्यावरून १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं. कादंबरीत तो मुलगा हसवतो. घरातली काकू किंवा काका असे दुपारच्या पंगतीत पेंगताना दिसले तर मात्र हसण्यावारी नेऊ नका.

माझं मत: ‘वजन कमी करा’ हे अर्धंच उत्तर आहे

वजन कमी करणं हाच यावरचा मुळातला उपाय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. थोडं वजन उतरलं तरी श्वास सुधारतो, घोरणं हलकं होतं. पण वजन उतरायला महिने लागतात आणि पेशंटला आज रात्री झोपायचं असतं. आज रात्रीचं काय, याचं उत्तर न देता त्याला घरी पाठवणं ही टाळाटाळ आहे. ती मीही केली आहे.

माझे काही सहकारी म्हणतात, "उशा कशा लावायच्या ते शिकवलंस तर पेशंट वजनाचं मनावर घेणार नाही. त्रास होऊ दे, मगच जागा होईल." मला हे पटत नाही. रात्रभर ज्याचा श्वास अडतो तो सकाळी फिरायला कसा जाईल? अपुऱ्या झोपेने भूक वाढते, अंगात त्राण राहत नाही, हालचाल कमी होते आणि वजन आणखी चढतं. आधी झोप सुधारली तर वजन कमी करायची ताकद येते. शिवाय त्रास भोगायला लावून माणूस शहाणा होतो असं मी तरी पाहिलेलं नाही. तो डॉक्टरकडे यायचं बंद करतो, एवढंच होतं.

म्हणून माझा आग्रह असा आहे की लठ्ठ पेशंटला प्रत्येक डॉक्टरने तीन प्रश्न विचारावेत. रात्री किती उशा लागतात? पाठीवर सपाट झोपता येतं का? घरचे काय सांगतात, घोरताना श्वास अडतो का? याला एक मिनिटही लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

दवाखान्यांच्या सवयीबद्दलही बोललं पाहिजे. पेशंट वॉर्डात आला की त्याला सपाट कॉटवर झोपवायचं, मग ऑक्सिजन लावायचा, हा क्रम मी कित्येकदा पाहिला आहे. कॉटचं हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करायला कुणाची परवानगी लागत नाही. भूलतज्ज्ञांनी हे केव्हाच ओळखलं आहे. खूप वजनाच्या पेशंटला भूल देताना ते डोकं, मान आणि खांद्यांखाली उतार करून घेतात, कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका पातळीत येईल असा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिलठ्ठ पेशंटना भूल देण्याआधी सपाट न झोपवता २५ अंश वर डोकं ठेवून ऑक्सिजन दिला, तर श्वास थांबल्यावर रक्तातला ऑक्सिजन घसरायला सुमारे पाऊण मिनिट जास्त लागलं. श्वासनलिकेत नळी घालणाऱ्या डॉक्टरसाठी पाऊण मिनिट फार मोठं असतं. जे ऑपरेशन थिएटरमध्ये कळतं ते वॉर्डात आणि घरात का कळू नये?

घरी काय करता येईल?

१. फक्त डोक्याखाली उशांचा ढीग नको. त्याने मान वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि घसा आणखी अरुंद होतो. उतार कमरेपासून वर हवा. पाठीखाली घट्ट लोड किंवा तक्क्या तिरका लावा, त्यावर सतरंजीची घडी घाला आणि वर एक उशी.

२. शक्य असेल तर पलंगच तिरका करा. डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा घालून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. पलंग हलत नाही ना ते पाहा. मोठ्या पोटाच्या माणसाला यात एक फायदा आहे. कमरेत वाकून ताठ बसलं की मांड्या पोटाला दाबतात आणि पोट पडद्याला. सगळं अंग एका रेषेत तिरकं असलं की पोट खाली सरकायला जागा राहते.

३. कुशीवर झोपा. डावी की उजवी यावर वाद घालू नका, ज्या कुशीवर श्वास मोकळा वाटतो ती बरोबर. पोटाखाली एक पातळ उशी द्या म्हणजे त्याचा भार गादीवर येईल. झोपेत पाठीवर वळायची सवय असेल तर पाठीमागे लोड लावून ठेवा.

४. जेवून लगेच आडवं होऊ नका. भरलेलं पोट पडद्याला आणखी वर रेटतं. रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

५. वाकताना आणि मांडी घालताना होणारी धाप ओळखा. बुटाची नाडी बांधताना, फरशी पुसताना, भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना पोट दाबलं जातं आणि श्वास तोकडा पडतो. नाडी बांधायला पाय स्टुलावर घ्या, पुसायला लांब दांड्याचा मॉप वापरा, जेवायला खुर्चीवर बसा. यात कमीपणा काही नाही. मात्र वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण हे हृदय कमजोर असल्याचंही लक्षण असू शकतं.

६. दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळा. दोन्हींनी घशाचे स्नायू जास्त सैल पडतात आणि श्वास मंदावतो.

७. घरात स्वतःच ऑक्सिजन सिलिंडर सुरू करू नका. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यांना नुसता ऑक्सिजन दिल्यास तो आणखी वाढू शकतो. अशा पेशंटना दाबाने हवा देणारं मशीन लागतं, ते तपासणी करूनच ठरतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पालथं झोपण्याचा सल्ला दिला होता. तो तुमच्या लक्षात असेल. तो त्या आजारासाठी होता. मोठ्या पोटाच्या माणसाने पोटावर भार देऊन पालथं झोपलं तर उलट गुदमरायला होतं. पोट मोकळं राहील अशा आधारानेच ते करावं लागतं, म्हणून घरी रोजचा उपाय म्हणून ते करू नका.

हे डॉक्टरांना न विचारता सांगा

मोतीबिंदूचं ऑपरेशन, एमआरआय, सोनोग्राफी, दाताची खुर्ची, अशा प्रत्येक ठिकाणी तुम्हाला काही वेळ सपाट झोपवलं जातं. तुम्हाला तसं झोपता येत नसेल तर आधीच सांगा. टेबलावर गेल्यावर, चेहरा झाकल्यावर जीव घाबरा होण्यापेक्षा ते बरं. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना घोरणं, खुर्चीत झोपणं, मशीन लावणं हे सगळं सांगा. लाजू नका. त्यांना ही माहिती हवी असते.

कधी थांबायचं नाही

आडवं झाल्यावर होणारी प्रत्येक घुसमट लठ्ठपणामुळेच असते असं समजू नका. हृदयाचा पंप कमजोर पडला तरी असंच होतं. दमा, जुनाट ब्राँकायटिस, श्वासपटलाचा अर्धांग यांतही होतं. त्यामुळे त्रास नवीन असेल किंवा वाढत असेल तर हृदयाची आणि फुफ्फुसाची तपासणी हवीच.

धाप अचानक आली, छातीत दुखतंय, ओठ निळसर दिसतायत, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा उठवूनही नीट जागा होत नाही, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० च्या खाली आहे, यातलं काहीही असेल तर उशांचे प्रयोग करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत शुद्धीवर असलेल्या माणसाला टेकून बसवून ठेवा. पायांवर सूज येत असेल, रात्री श्वास कोंडून जाग येत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. आणि एक उलटी गोष्टही लक्षात ठेवा. माणूस चक्कर येऊन पडला असेल, बीपी उतरलं असेल पण श्वास ठीक असेल, तर त्याला आडवंच करायचं असतं. ‘जरा आडवे व्हा’ हा सल्ला तिथे बरोबर आहे.

काकूंचं पुढे काय झालं?

काकूंची हृदयाची सोनोग्राफी केली, रात्रीच्या झोपेची तपासणी केली, रक्तातले वायू तपासले. स्लीप अ‍ॅप्निया होता आणि जागेपणीही कार्बन डायऑक्साइड वाढलेला होता. म्हणजे त्यांची मरगळ आळस नव्हती आणि धाप ‘वजनामुळे होणारच’ एवढी साधीही नव्हती. रात्रीचं मशीन सुरू केलं, पलंगाखाली ठोकळे लावले. पहिले आठ-दहा दिवस मास्कचा वैताग आला. नंतर एकदा त्या तपासणीला आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, काल मी गादीवर झोपले. नातू शेजारी होता." वजन तोवर जेमतेम दोन किलो उतरलं होतं. पुढे ते आणखी उतरलं, कारण आता सकाळी चालायला त्यांच्या अंगात बळ होतं.

त्यांना एक वर्ष खुर्चीत काढावं लागलं, त्यातले काही महिने माझ्यामुळे. तुमच्या घरात कुणी खुर्चीत, सोफ्यावर किंवा भिंतीला टेकून रात्र काढत असेल तर त्याला ‘सवय’ म्हणून सोडून देऊ नका. का, ते विचारा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेलात, त्यांनी झोपेबद्दल विचारलं नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा की मला आडवं झोपता येत नाही. या एका वाक्याने तपासाची दिशा बदलू शकते.